ओल, ऊब आणि शेजार : दारूगोळ्याच्या साठवणीविषयी

रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे एक प्रकरण आहे. गड कुठे बांधावा, दरवाजे कसे असावेत, पाण्याची तजवीज कशी करावी हे सांगता सांगता अमात्य दारूखान्यापाशी येतात आणि तिथे त्यांची लेखणी फार बारकाईत शिरते. दारूखाना राहत्या घरांजवळ नको, सदरेपासूनही लांब हवा. भोवती कुंपण हवे. खाली तळघर करून त्याला चुन्याचा गच्च करायचा, त्यात माच घालायची आणि दारूची मडकी त्या माचेवर ठेवायची. सर्दी पोहोचू द्यायची नाही. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढायचा, त्याला ऊन द्यायचे, पुन्हा आत ठेवून मोहर करायची. रात्रंदिवस पहारा ठेवायचा आणि परवानगीवाचून कोणाला आसपास फिरकू द्यायचे नाही.

आजच्या एखाद्या लष्करी दारूगोळा भांडाराचे नियम शेजारी ठेवून हा मजकूर वाचला की दोन्हींमधले साम्य पाहून थक्क व्हायला होते. वस्तीपासूनचे अंतर, जमिनीपासूनची उंची, कोरडेपणा, ठरावीक मुदतीने तपासणी, मोहर, पहारा. तीनशे वर्षांत दारू बदलली, तोफा बदलल्या, मडक्यांच्या जागी पोलादी डबे आले. नियमांचा सांगाडा मात्र तसाच राहिला, कारण ज्या कारणांतून तो उभा राहिला ती कारणे निसर्गाची आहेत. ज्या पुस्तकाची ही प्रस्तावना आहे त्याचा विषय ती कारणे हा आहे. नियम पाठ करणारा माणूस अडचणीच्या वेळी चुकतो. कारण समजलेला माणूस नियमात न बसणारी जागाही ओळखतो.

हे पुस्तक सैन्यासाठी नाही. त्यांच्याकडे त्यांची शास्त्रे आहेत, त्यांची माणसे आहेत. पीकसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना घेतलेला शेतकरी, रायफल क्लबात जाणारी मुले-मुली आणि त्यांचे पालक, बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहणारा रक्षक, आणि खडकी, देहूरोड, पुलगाव, भुसावळ अशा गावांत दारूगोळ्याच्या शेजाराने राहणारी साधी कुटुंबे हे वाचक समोर ठेवून ते लिहिले आहे. मराठीत शस्त्रांवर पुष्कळ लिहिले गेले. तलवारीची मूठ, तोफेवरचा लेख, बंदुकीचा दस्ता या सगळ्यांवर प्रेमाने लिहिणारे लेखक आपल्याकडे झाले. पण ज्यावाचून तोफ म्हणजे नुसती ओतीव नळी, ती दारू कुठे आणि कशी ठेवत असत याकडे फारसे कोणी पाहिले नाही. गडावर गेलेली मंडळीही दारूकोठाराच्या पडक्या भिंतींवरून नजर फिरवून पुढे जातात.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. प्रमाण साधारण ७५, १० आणि १५. यातला सोरा शुद्ध असेल तर तो हवेतली ओल फारशी ओढत नाही. पण मातीतून काढलेल्या सोऱ्यात मीठ राहते, चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे नायट्रेट राहतात, आणि हे सोबती पाण्याला हपापलेले असतात. सह्याद्रीतल्या पावसात अशा दारूचे काय होत असेल ते सांगायला नको. ओलावलेली दारू वाळवली की पहिल्यासारखी होते, असा एक समज आहे. तो खरा नाही. ओल आली की सोरा विरघळतो, वाळताना तो दाण्याच्या पृष्ठभागावर येऊन वेगळा साकळतो, आणि तिन्ही द्रव्यांचा जो एकजीव घोट कारागिराने तासन्‌तास कुटून साधलेला असतो तो मोडतो. म्हणून अमात्य वाट पाहायला सांगत नाहीत. दारू भिजल्यावर वाळवा असे न म्हणता, भिजण्याआधीच ठरावीक दिवसांनी ऊन द्या असे ते म्हणतात. या एका सूचनेमागे किती गडांवरची किती निकामी झालेली दारू असेल!

भांड्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. युरोपात दारूची पिंपे लाकडाची असत आणि त्यांना लोखंडी पट्ट्यांऐवजी तांब्याच्या किंवा लाकडाच्याच पट्ट्या घालत, कारण लोखंडावर लोखंड घासले की ठिणगी. कोठारात जाणाऱ्याने खिळ्यांचे जोडे बाहेर काढायचे, हत्यारे तांब्याची वापरायची, दिवा काचेपलीकडे ठेवायचा. एवढे करूनही एका गळक्या पिंपाने काय केले ते पोर्तुगालमधल्या अल्मेइदा किल्ल्याने पाहिले. २६ ऑगस्ट १८१० रोजी फ्रेंचांचा वेढा पडलेला असताना कोठारातून तटाकडे दारू नेली जात होती. एक पिंप गळत होते आणि त्याच्यामागे दारूची रेघ पडत गेली. फ्रेंचांचा एक गोळा येऊन पडला, रेघ पेटली आणि ती आग थेट कोठारात पोहोचली. शेकडो माणसे मेली, किल्ल्याचा मधला भाग उडाला आणि दुसऱ्याच दिवशी किल्लेदाराने शरणागती पत्करली. अल्मेइदाचा तट अभेद्य मानला जाई. तो तट नव्हे, एक पिंप फुटके निघाले.

पितळी काडतूस आले तेव्हा लोकांना वाटले की ओलीचा प्रश्न कायमचा सुटला. दारू पितळेत बंद, पुढे गोळी घट्ट बसलेली, मागे टोपी. पाणी शिरणार कुठून? पण याच पितळी काडतुसांनी ब्रिटिशांना भारतात एक कोडे घातले. पावसाळाभर साठवून ठेवलेली काडतुसे उघडून पाहिली की त्यांच्या मानेशी, जिथे पितळ गोळीवर दाबून बसवलेले असते तिथे, चिरा पडलेल्या दिसत. माल न वापरलेला, न आपटलेला. पुष्कळदा हा साठा घोड्यांच्या पागेत ठेवलेला असे. पागेतल्या मूत्रातून अमोनिया निघतो, पावसाळी हवेतली ओल त्याला पितळेवर टेकायला जागा देते, आणि घडवताना पितळात जो ताण अडकून राहिलेला असतो त्या ताणाच्या ठिकाणी अमोनिया ते कुरतडतो. हे कोडे १९२१ मध्ये नीट उलगडले. उपाय पितळ तापवून त्यातला ताण घालवण्याचा निघाला, आणि तो आजही कारखान्यात केला जातो. काडतुसाच्या मानेवर दिसणारी काळपट-जांभळी झाक ही त्या तापवण्याची खूण असते. विकत घेणारे तिला डाग समजतात.

ही गोष्ट मला इतिहास म्हणून सांगायची नाही. आपल्याकडे परवान्याची बंदूक बाळगणारी बरीच मंडळी शेतकरी आहेत, आणि शेतावरच्या घरात कुलूप लावता येईल अशी खोली बहुधा एकच असते. त्याच खोलीत युरियाची पोती, फवारणीची औषधे, आणि भिंतीपलीकडे गोठा. काडतुसांची पेटीही तिथेच. कारखान्याने ताण घालवला म्हणून अमोनियाचे पितळेशी असलेले वैर संपत नाही. पितळ चमकवायच्या काही पातळ पदार्थांतही अमोनिया असतो, म्हणून त्याने काडतुसे पुसू नयेत. चामड्याचा काडतूसपट्टाही असाच. तो शिकारीच्या छायाचित्रात शोभतो, पण कमावलेल्या चामड्यातले आम्ल पितळेवर हिरवा थर चढवते. पट्टा वापरायचा तो तेवढ्यापुरता. त्यात काडतुसे महिनोन्‌महिने अडकवून ठेवायची नसतात. आणि कोकणात गंज चढू नये म्हणून काडतुसाला तेलाचे बोट लावायची सवय असेल तर तीही मोडायला हवी. तेल सरकत सरकत टोपीपर्यंत जाते आणि टोपीतले द्रव्य निकामी करते. तेल बंदुकीला लावायचे, काडतुसाला कधीच नाही.

ओल बाहेरून येते. ऊब ज्याला जागे करते तो शत्रू आतच असतो.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बिनधुराची दारू तयार केली. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे नत्राम्लाची प्रक्रिया केलेला कापूस. ताकद काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट, धूर जवळपास नाही, नळीत फारशी काजळी नाही. पण ही दारू स्वभावाने अस्थिर असते. ती सावकाश, स्वतःहून विघटित होत राहते. त्यातून नत्राचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि तेच वायू पुढचे विघटन वाढवतात. वेळीच अडवले नाही तर उष्णता साचत जाऊन ढीग आपोआप पेटतो. फ्रेंच नौदलाने याची किंमत तूलाँ बंदरात दोनदा मोजली. १२ मार्च १९०७ रोजी इएना ही युद्धनौका कोरड्या गोदीत उभी असताना तिचे कोठार उडाले. गोदीत पाणी नसल्यामुळे कोठार बुडवून टाकण्याचा नेहमीचा उपायही करता आला नाही. २५ सप्टेंबर १९११ रोजी त्याच बंदरात लिबेर्ते गेली. दोन्ही वेळी बोट दारूच्याच विघटनाकडे दाखवले गेले. त्यानंतर दारूत डायफिनाइलअमीनसारखी स्थिरक द्रव्ये घालण्याची पद्धत रूढ झाली. ती सुटणारे वायू गिळत राहतात आणि गिळता गिळता स्वतः संपत जातात. दारूचे आयुष्य म्हणजे त्या स्थिरकाचे आयुष्य.

आता यात तापमान आले. दर दहा अंशांमागे विघटनाचा वेग दुपटीहून अधिक वाढतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर, उन्हात उभ्या केलेल्या जीपच्या मागच्या भागात त्याहून पुष्कळ जास्त. थंड, सावलीतल्या खोलीत चांगले बनलेले काडतूस अनेक दशके टिकते. माळ्यावर त्याची काही वर्षे एकेका उन्हाळ्यात खर्ची पडतात. म्हणून घरातली सर्वांत उंच जागा मुलांच्या हाताला लागत नाही एवढ्याच कारणाने निवडू नये. मुलांसाठी कुलूप आहे. काडतुसांसाठी घरातली मधली, उन्हाची भिंत नसलेली, जमिनीपासून वीतभर उंच अशी जागा शोधावी. दारूला आंबूस, झोंबणारा वास येत असेल किंवा तांबूस वाफ दिसत असेल तर स्थिरक संपले असे समजावे, आणि त्या मालाला हात न लावता पुढची व्यवस्था करावी.

पेट्यांवरचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, आणि ते योग्यच आहे. काडतुसांचा कारखान्यातून आलेला पुठ्ठ्याचा खोका लोक टाकून देतात आणि माल डब्यात ओततात. हे करू नये. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गीकरणात स्फोटक पदार्थांचा वर्ग १ आहे आणि बंदुकीची साधी काडतुसे त्यातल्या १.४ एस या सौम्य गटात येतात. या ‘एस’चा अर्थ असा की अपघाताने पेट घेतला तरी परिणाम पुडक्याच्या आत राहतो. म्हणजे ही सौम्यता एकट्या काडतुसाची नाही, खोक्यासकट काडतुसाची आहे. शिवाय खोक्यावर लॉट क्रमांक असतो. कारखान्याने सदोष लॉट परत मागवला, तर डब्यात ओतलेल्या मालातून तो कोण आणि कसा शोधणार? आपल्याकडे हे शास्त्र परके नाही. जळगाव जिल्ह्यात वरणगावच्या आयुधनिर्माणीत काडतुसे बनतात आणि जवळच भुसावळच्या आयुधनिर्माणीत दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे बनतात. पेटीसाठी स्वतंत्र कारखाना असतो, एवढ्यावरूनच तिची योग्यता कळावी.

तर खोका तसाच ठेवायचा आणि तो पेटीत ठेवायचा. पेटी कोणती? अमेरिकी सैन्याचा एम२ए१ हा पोलादी डबा जगभर वापरला जातो. झाकणाला रबरी पट्टी, ते घट्ट दाबून धरणारी कडी, उचलायला मूठ. अशा डब्याची रबरी पट्टी तडकलेली नाही ना हे आधी पाहावे. कागदाची पट्टी झाकणात अडकवून ओढावी. चारही बाजूंनी ती अडून राहिली तर झाकण नीट बसते. प्लास्टिकच्या चांगल्या पेट्याही मिळतात, हलक्या असतात, गंजत नाहीत. उन्हाने मात्र ठिसूळ होतात. लाकडी पेटी ओल अडवत नाही, पण कोरड्या मुलखात ती उत्तम, कारण ती श्वास घेते. माझे मत विचाराल तर कोकण-गोव्यात रबरी पट्टीचा डबा, देशावर आणि विदर्भात जाड फळीची लाकडी पेटी. एकच पेटी सगळ्या महाराष्ट्राला सांगणारा सल्ला मी मानत नाही.

हवाबंद डबा आतली ओलही तितक्याच इमानाने सांभाळतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. श्रावणात डबा भरून बंद केला तर श्रावण आत राहतो. भरायचे काम हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी करावे. सिलिका जेलची पुडी टाकावी. रंग बदलणारी मिळाली तर उत्तम, म्हणजे ती भरली कधी हे कळते, आणि तापवून पुन्हा वापरता येते. डबा इतका मोठा घेऊ नये की भरल्यावर एका माणसाला उचलता येऊ नये. आग लागली की उचलून बाहेर नेता येतो तोच डबा उपयोगाचा.

आता एक गोष्ट, जिच्यावर या पुस्तकाने भर दिला आहे आणि मलाही ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पेटीने ओल अडवावी, दाब अडवू नये. काडतूस आगीत सापडले तर ते बंदुकीतल्यासारखे सुटत नाही. भोवती नळी नसते, त्यामुळे पितळ फाटते, जड गोळी जवळच पडते आणि पितळेचे हलके तुकडे थोडे लांब उडतात. भीतीदायक आहे, पण आटोक्यात येणारे आहे. तीच दारू मोकळ्या स्वरूपात जाड पोलादाच्या, घट्ट बंद पेटीत असेल तर वायूला वाट मिळत नाही, दाब चढत जातो आणि ती पेटीच बॉम्ब होते. म्हणून मोकळी दारू पातळ, सहज फुटणाऱ्या मूळ डब्यातच ठेवायची असते. कोठारे बांधतानाही भिंती जाड आणि छप्पर हलके ठेवण्याची रीत यातूनच आली. स्फोटाला वरची वाट द्यायची, शेजारची नाही. मजबूत तिजोरी म्हणजे जास्त सुरक्षितता हा दागिन्यांचा हिशेब दारूला लावता येत नाही. आणि भरलेली बंदूक तर कधीच कपाटात ठेवू नये. तिथे नळी असते, आणि आगीत ती बंदूक सुटते ती खऱ्या गोळीसारखीच.

शेजाराबद्दल मुंबईइतके कोणी शिकलेले नाही. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज उभे होते. फेब्रुवारीत बर्कनहेडहून निघताना त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटाही होत्या. कराचीला त्यात कापसाच्या हजारो गाठी चढल्या, शिवाय वंगणतेल आणि लाकूड. कापूस आणि स्फोटके एकाच भागात वरखाली. दुपारी आग लागली, चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. गोदीतली इतर जहाजे गेली, धान्याची कोठारे गेली, मांडवी आणि मशीद बंदरच्या वस्त्या जळाल्या, शेकडो माणसे मेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. आजही त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. त्या जहाजातला प्रत्येक माल त्याच्या त्याच्या जागी निरुपद्रवी होता. चूक मांडणीची होती. विहिरी खोदणाऱ्या गाड्यांमधून जिलेटीनच्या कांड्या आणि डेटोनेटर एकाच गोणीत नेताना लोक आजही तीच चूक करतात. स्फोटकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. २००८ चे स्फोटक नियम या दोन वस्तू वेगळ्या ठेवायला सांगतात. नियम कागदावर आहेत. ते गोणीपर्यंत पोहोचले पाहिजेत.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ च्या पहाटे एक शेड पेटली. रणगाडाविरोधी सुरुंग तिथे होते, आणि त्यांतून टीएनटी पाझरत असल्याचा मुद्दा नंतर पुढे आला. आग विझवायला धावलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी त्यात मृत्युमुखी पडले. त्या रात्री आजूबाजूच्या गावांतले लोक घरे सोडून बाहेर पडले. आग मात्र इतर शेडपर्यंत पोहोचली नाही. शेडमधले मोकळे अंतर, मातीचे बांध आणि त्या माणसांचे प्राण, या तिन्हींनी मिळून ती थोपवली. सुरक्षित अंतर साठ्याच्या घनमुळाच्या पटीत मोजतात. साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट लागते. म्हणून मोठा साठा थोड्या जागेत दाटणे हा मोह नेहमी होतो, आणि म्हणूनच भांडाराभोवतीची मोकळी जमीन पडीक दिसली तरी पडीक नसते. देहूरोडच्या भांडाराभोवती २००० यार्डांचा रेड झोन आहे. तळवडे, रुपीनगर, निगडीच्या बाजूला ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधले त्यांची तगमग मला समजते, आणि त्यांना जमीन विकणाऱ्यांनी खरे सांगितले नसेल तर तो अन्याय आहे. पण ते अंतर कोणा बाबूच्या लहरीतून आलेले नाही. ते कमी करा ही मागणी करण्याआधी साठा कमी करा किंवा हलवा ही मागणी व्हायला हवी.

शेवटचे प्रकरण वारशाचे आहे, आणि माझी विनंती आहे की वाचकांनी ते आधी वाचावे. आजोबांचा परवाना होता, आजोबा गेले, बंदूक जमा झाली. काही वर्षांनी घर आवरताना ट्रंकेत एक डबा निघतो, हिरवट पडलेल्या काडतुसांचा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे परवाना संपला की शस्त्राबरोबर दारूगोळाही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावा लागतो. हे जाणूनबुजून टाळणारे थोडे. माहीतच नसणारे फार. मग घाबरून ती काडतुसे विहिरीत टाकली जातात, भंगारवाल्याला दिली जातात, चुलीत घातली जातात, किंवा पितळेसाठी पकडीने उघडली जातात. यातले काहीही करू नये. डबा हलवू नये, आपटू नये, उन्हात आणू नये. मुलांना त्या खोलीतून बाहेर काढावे आणि पोलीस ठाण्यात जाऊन प्रौढ माणसाने सरळ सांगावे की वडिलांच्या, आजोबांच्या परवान्याची काडतुसे घरात सापडली आहेत. जुना परवाना मिळाला तर तो सोबत न्यावा. डब्याऐवजी तोफगोळ्यासारखी, सुरुंगासारखी काही वस्तू दिसली तर लांब व्हावे, ११२ ला कळवावे आणि बॉम्बशोधक पथक येईपर्यंत तिथे कोणाला जाऊ देऊ नये.